उतारावरचा जवान आणि ट्रकचा ब्रेक

दि. २३ डिसेंबर २०२२. उत्तर सिक्कीममधील चाटेन येथून सकाळी निघालेला लष्कराच्या तीन वाहनांचा ताफा थांगूच्या दिशेने चालला होता. झेमा येथील तीव्र वळणावर त्यातील एक ट्रक रस्ता सोडून उतारावरून खाली कोसळला आणि १६ सैनिकांचे प्राण गेले. त्यानंतर १९ ऑगस्ट २०२३ रोजी लडाखमध्ये कियारीजवळ असाच एक ट्रक दरीत गेला; ९ जण दगावले. २४ डिसेंबर २०२४ रोजी पूंछमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना घेऊन जाणारे वाहन दरीत पडले. ४ मे २०२५ रोजी जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबन जिल्ह्यात लष्कराचा ट्रक शेकडो फूट खाली कोसळून ३ जवान गेले. शत्रूची एकही गोळी न सुटता, या चारच घटनांत भारतमातेचे तीसहून अधिक सुपुत्र हरपले.

अशा प्रत्येक घटनेनंतर समाज मनापासून हळहळतो. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव गावच्या वेशीवर येते, शाळेची मुले रस्त्याच्या दुतर्फा उभी राहतात, चौकात श्रद्धांजलीचे फलक लागतात. ही कृतज्ञता खरी आहे, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण फलक उतरल्यावर एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही. ज्या ट्रकमधून हे जवान निघाले होते तो किती वर्षांचा होता, त्याचे ब्रेक कोणत्या पद्धतीचे होते आणि ते शेवटचे केव्हा उघडून पाहिले गेले होते? लढाऊ विमान कोसळले की त्याचे वय, त्याचा निर्माता आणि त्याच्या इंजिनाचा इतिहास वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. मिग विमानांवर या देशात केवढी चर्चा झाली! ट्रकच्या वाट्याला मात्र ‘चालकाचा ताबा सुटला’ हे एकच वाक्य येते.

वरीलपैकी एखाद्या घटनेत ब्रेकच निकामी झाले होते, असा निवाडा बाहेर बसून देणे अनुचित ठरेल. हिमालयात रस्त्याची कड खचते, डांबरावर बर्फाचा काच धरतो, धुके समोरचे वळण गिळते, सलग प्रवासाने चालकाचे डोळे मिटू लागतात. लष्करात प्रत्येक अपघातानंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली जाते आणि तिचा अहवाल सामान्यतः जनतेसमोर येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यातील काही भाग गुप्त राहणे योग्यही आहे. परंतु ट्रकच्या ब्रेकमध्ये गोपनीय असे काय असते? अपघाताच्या अनेक कारणांपैकी बर्फ, दरड आणि धुके माणसाच्या हाती नाहीत. ब्रेक पूर्णपणे त्याच्या हाती आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मागणे हे जवानाविषयीच्या कृतज्ञतेचेच अंग आहे.

वीस बंबांची उष्णता

घाटातल्या उतारावर ब्रेकवर काय प्रसंग येतो, याची कल्पना सपाटीवर राहणाऱ्याला सहसा येत नाही. एक उदाहरण घ्यावे. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटर उंचीवर आहे आणि लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर. दोहोंत अंतर जेमतेम ४० किलोमीटर. म्हणजे सामान आणि माणसे धरून दहा टन वजनाचा ट्रक एवढ्या अंतरात १,८५० मीटर खाली येतो. पदार्थविज्ञानाच्या शालेय सूत्राने हिशेब केला, तर या उतरणीत जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे ५४० लिटर गार पाण्याला उकळी आणण्याएवढी भरते. जुन्या वाड्यांत आंघोळीसाठी पाणी तापवण्याचे तांब्याचे बंब असत. पंचवीस लिटरांचे वीसहून अधिक बंब एका वेळी उकळावेत एवढी ही उष्णता. तिचा काही भाग इंजिन घेते, काही टायर आणि वारा घेतात. उरलेली सारी चाकांच्या आत बसवलेल्या लोखंडी ड्रममध्ये आणि त्यावर घासणाऱ्या लायनरमध्ये उतरते.

ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजेच लायनरपासून दूर सरकतो. लायनर तापले की त्याची पकड कमी होते. चालक पाय अधिक दाबतो, त्याने उष्णता आणखी वाढते आणि पकड आणखी सुटते. यासाठीच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम आपल्या एस.टी.च्या जुन्या चालकांना पाठ असे. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्यांचे पुढे काय होते, हे महामार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

ज्या ट्रकमध्ये ब्रेक तेलाच्या दाबाने चालतो, तेथे आणखी एक संकट असते. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. ‘डॉट ३’ या प्रचलित दर्जाचे नवे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, असे प्रमाणच आहे. पण त्यात पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर घसरते. तापलेल्या ड्रमजवळ तेल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि चालकाच्या पायाखालचे पेडल कोणताही प्रतिकार न करता तळाला जाऊन टेकते. गाडी थंड झाल्यावर तपासली तर ब्रेक पुन्हा व्यवस्थित लागतो! अशा वेळी दोष चालकाच्या माथी मारला जाणे किती सोपे आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक या दोषापासून मुक्त असतात, पण त्यांची दुखणी वेगळी आहेत. उंचावर हवा विरळ असल्याने कॉम्प्रेसरला टाकी भरायला अधिक वेळ लागतो. हवेसोबत आलेली वाफ टाकीत पाणी होऊन साठते आणि उणे तापमानात त्याचा बर्फ होऊन झडपा अडतात. टाकीचे पाणी रोज काढणे आणि हवा कोरडी करणारे यंत्र वेळेवर बदलणे, ही अगदी किरकोळ वाटणारी कामे सियाचीनच्या पायथ्याशी जीवनमरणाची ठरतात.

उभ्या गाडीचे आजार

येथे लष्करी वाहनाचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यायला हवे. व्यापारी ट्रक वर्षाला लाखभर किलोमीटर धावतो. त्याचे लायनर झिजतात, मालक ते बदलतो, त्यासोबत नळ्या आणि रबरी भागही नवे पडतात. लष्कराचा ट्रक तितका धावत नाही. युद्ध उभे ठाकले तर हाताशी असावेत म्हणून अनेक ट्रक राखीव ठेवावे लागतात आणि ते डेपोंतून व युनिटच्या आवारांतून उभे असतात. त्यांच्या मीटरवरचा आकडा पाहून कोणीही म्हणेल की गाडी तर जवळजवळ नवी आहे. परंतु रबर किलोमीटर मोजत नाही, ते पावसाळे मोजते. ब्रेकच्या लवचिक नळ्या, सिलिंडरमधील रबरी कप, डायफ्रॅम यांचे आयुष्य दिनदर्शिकेप्रमाणे संपते. नळी बाहेरून काळी कुळकुळीत दिसते आणि आतून सोलवटलेली असते. उभ्या गाडीतल्या तेलात पाणी मुरत राहते आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज धरतो. मग एके दिवशी तातडीचा हुकूम येतो, ट्रक धुऊन पुसून ताफ्यात उभा राहतो आणि पहिल्याच लांब उतारावर त्याची खरी परीक्षा होते.

ही अडचण केवळ भारताची नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वाहनांतले ब्रेक ऑइल बदलून सिलिकॉनचे तेल आणले, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते. सिलिकॉन तेल पाणी शोषत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतही ते टिकते. अर्थात त्यालाही पथ्ये आहेत. जुन्या तेलात ते मिसळून चालत नाही. सगळी यंत्रणा रिकामी करून स्वच्छ करावी लागते. पण मुद्दा असा की, उभ्या गाडीचा आजार वेगळा आहे हे त्यांनी ओळखले आणि औषधही वेगळे शोधले.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेचे नाव निघालेच आहे, तर तेथील दोन ट्रकांची कथा पाहण्यासारखी आहे. पहिला एम-३५. १९५० पासून सेवेत आलेला हा अडीच टनी ट्रक कोरियापासून व्हिएतनामपर्यंत सर्वत्र फिरला आणि पुढेही कित्येक दशके टिकला. त्याच्या मजबुतीची ख्याती जगभर होती. मात्र त्याच्या मूळ रचनेत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच होता. सहापैकी कोणत्याही एका चाकाजवळची नळी फुटली, तरी सारे तेल वाहून जाऊन सहाही चाकांचे ब्रेक एकदम जात. अमेरिकेत प्रवासी मोटारींना १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुहेरी मार्गाचे ब्रेक बंधनकारक झाले, म्हणजे एक मार्ग फुटला तरी निम्मी चाके थांबावीत. परंतु सैन्यासाठी बनणाऱ्या वाहनांना तेथील सुरक्षामानके लागूच होत नाहीत. परिणामी सामान्य नागरिकाच्या मोटारीला जे संरक्षण होते, ते जवानाच्या ट्रकला नव्हते! आज हे निवृत्त ट्रक विकत घेणारे तेथील हौशी मालक स्वतःच्या खिशातून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेतात. जे काम एखादा छांदिष्ट आपल्या अंगणात करतो, ते महासत्तेला आपल्या सैनिकासाठी इतकी वर्षे का सुचू नये, हा प्रश्न त्यांच्यासाठीही लाजिरवाणाच आहे.

दुसरी कथा अधिक बोधप्रद आहे. एम-९३९ हा पाच टनी ट्रक १९८० च्या दशकात आला. त्याचे ब्रेक हवेच्या दाबाचे आणि चांगले ताकदवान होते. दोष शोधायचा तर तो ताकदीतच होता. ओल्या रस्त्यावर चालकाने जोरात ब्रेक दाबला की चाके जागच्या जागी जखडत, जुन्या पद्धतीचे टायर घसरत आणि ट्रक आडवा होऊन उलटे. अपघात वाढले, तेव्हा प्रथम वेगमर्यादा ताशी ४० मैलांवर, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरवर आणण्यात आली. पुढे संसदेच्या अधिपत्याखालील लेखापरीक्षण कार्यालयाने, ज्याला ‘गाओ’ म्हणतात, १९९९ मध्ये या एकाच ट्रकच्या अपघातांवर आणि नियोजित सुधारणांवर स्वतंत्र अहवाल काढला. चाक जखडू न देणारी अँटिलॉक अर्थात एबीएस प्रणाली आणि नव्या पद्धतीचे रेडियल टायर बसवणे, असे त्या सुधारणांचे स्वरूप होते. लक्षात घ्यावे की हे ट्रक नवे घ्यायचे नव्हते. होते तेच सुधारायचे होते. अलीकडे हम्वी या हलक्या वाहनांच्या बाबतीतही जुन्या गाड्यांना एबीएस आणि तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

म्हणून अमेरिकेचे सारे आलबेल झाले असे मुळीच नाही. याच लेखापरीक्षण कार्यालयाने जुलै २०२१ मध्ये आणखी एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१० ते २०१९ या दहा आर्थिक वर्षांत अमेरिकी भूदल आणि मरीन कोअर यांच्या वाहनांचे लढाईबाहेरचे ३,७५३ अपघात झाले आणि त्यांत १२३ सैनिक मृत्युमुखी पडले. चालकाचे दुर्लक्ष, वरिष्ठांच्या देखरेखीतील त्रुटी आणि अपुरे प्रशिक्षण ही त्यांतील प्रमुख कारणे निघाली. म्हणजे केवळ ब्रेक बदलून भागत नाही, हेही त्याच अहवालाने दाखवले. अमेरिकेच्या सगळ्याच गोष्टी उचलण्याची हौस या देशाला घातक ठरली आहे. मात्र आपल्या सैन्याचे अपघात मोजून, कारणांसह छापून, लोकप्रतिनिधींपुढे ठेवण्याची ही रीत घेण्यासारखी आहे. तसे केल्याने त्यांचे सैन्य दुबळे झाल्याचे कोठे ऐकिवात नाही.

शक्तिमानचा वारसा

भारताची गोष्ट स्वाभिमानाची आहे आणि ती विसरता कामा नये. स्वातंत्र्यानंतर आपली सेना बराच काळ महायुद्धातून उरलेल्या परदेशी ट्रकांवर विसंबून होती. १९५९ मध्ये जबलपूर येथे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रकचे उत्पादन सुरू झाले. पुढे त्यासाठी जबलपूरला स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. १९९६ पर्यंत शक्तिमान बनत राहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रसद, दारूगोळा आणि जवान आघाडीवर पोहोचवणारा हा ट्रक एका अख्ख्या पिढीच्या स्मरणात आहे. त्याच्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटांचे ट्रक आले. तेही जबलपूरला बनले. आज तो कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीचा भाग आहे. सैन्याचा ट्रक देशातच बनावा, हा आग्रह सहा दशकांपूर्वी धरला गेला आणि तो सिद्धीस गेला.

मात्र स्वदेशी म्हणजे एकदा बनवून मोकळे होणे नव्हे. आपण बनवलेल्या वस्तूला तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत सांभाळणे आणि मध्यंतरी विज्ञान पुढे गेले तर तिला सोबत नेणे, हाही स्वदेशीचाच अर्थ आहे. भारतात नव्या जड मालमोटारी आणि मोठ्या बसगाड्यांना २०१५ मध्ये एबीएस बंधनकारक झाले. त्यापूर्वी बनलेल्या वाहनांना हा नियम लागू नव्हता. शतकाच्या आरंभी सेनेत आलेले हजारो ट्रक त्याच जुन्या काळातले आहेत.

दुसरा नियम अधिक विचार करायला लावतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून संपुष्टात आणली. तहसीलदाराची जीप असो वा परिवहन मंडळाची बस, पंधरा वर्षांनंतर तिला रस्ता बंद. या नियमातून देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरल्या जाणाऱ्या चिलखती व अन्य विशेष वाहनांना सूट देण्यात आली. ही सूट अयोग्य आहे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. सैन्याची गरज वाहतूक खात्याच्या वेळापत्रकाने चालत नाही आणि एका रात्रीत हजारो वाहने मोडीत काढणे कोणत्याही सेनेला परवडणारे नाही. पण सूट घेणाऱ्याची जबाबदारी सूट न घेणाऱ्यापेक्षा मोठी असते. सोळाव्या वर्षी सरकारी कचेरीची मोटार धोकादायक मानली जात असेल, तर सोळाव्या वर्षी खारदुंग ला उतरणाऱ्या ट्रकसाठी काहीतरी अधिक करायला नको काय?

हे ‘अधिक’ म्हणजे नेमके काय, यावर जाणकारांत दुमत आहे, आणि ते प्रामाणिक आहे. सेनेच्या तांत्रिक शाखेतील अनेकांचा एबीएसवर पहिला आक्षेप असा की, सैल खडीवर आणि ताज्या बर्फावर जखडलेले चाक स्वतःपुढे मातीचा बांध रचते व लवकर थांबते. एबीएस तसे होऊ देत नाही, त्यामुळे थांबण्याचे अंतर उलट वाढते. आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. त्याला उत्तरही आहे. जगात अशा वाहनांना खडतर रस्त्यासाठी वेगळी योजना असलेले एबीएस बसवले जाते. शिवाय चाक फिरत राहिले तर सुकाणू ऐकते आणि दरीकडची कड टाळता येते, हा लाभ डोंगरात अंतरापेक्षाही मोलाचा. दुसरा आक्षेप दुरुस्तीचा. आघाडीवर हातोडी-पान्याने दुरुस्त होणारी गाडी हवी, संगणक लावावा लागणारी नको. यातही तथ्य आहे. म्हणूनच सुधारणेचा प्रारंभ एबीएसपासून करण्याची आवश्यकता नाही. किलोमीटर कितीही असोत, ठरावीक वर्षांनी प्रत्येक ब्रेकची नळी आणि प्रत्येक रबरी भाग सक्तीने बदलणे, तेलाच्या ब्रेकमध्ये पाण्याचे प्रमाण मोजणे, जेथे एकेरी मार्ग असेल तेथे दुहेरी करणे, हवेच्या ब्रेकला चांगले ड्रायर बसवणे, आणि लांब उतारांच्या क्षेत्रातल्या ट्रकांना इंजिनाच्या धुराच्या दाबाने वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक देणे, या कामांत संगणकाचा लवलेशही नाही. ही कामे स्वस्त आहेत. त्यातील बरीचशी कागदावर आधीच विहितही असतील. मग ती प्रत्येक ट्रकपर्यंत पोहोचतात की नाही, एवढेच पाहायचे उरते.

सेनेच्या विद्युत व यांत्रिक अभियंता कोअरचे ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’ आहे, तर रसद आणि वाहतूक सांभाळणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचे ‘सेवा अस्माकं धर्मः’. या दोन्ही दलांतील माणसांनी उणे तीस अंशांत, उघड्या हातांनी गाड्या दुरुस्त करून सीमा जागती ठेवली आहे. त्यांच्या निष्ठेविषयी चकार शब्द काढण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या हाती सुटे भाग वेळेवर पडतात का, हा आहे. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) दत्तात्रय शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेल्या अहवालातील ६५ शिफारशी संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्वीकारल्या. त्यात सेनेच्या दुरुस्ती यंत्रणेची, बेस वर्कशॉपपासून स्थानिक वर्कशॉपपर्यंत, पुनर्रचना होती. वाहन डेपोंची फेरमांडणी होती. आणि सेनेतील चालकांच्या भरतीचे निकष उंचावण्याचाही समावेश होता. या मराठी सेनानीच्या समितीने ट्रक, वर्कशॉप आणि चालक यांचा एकत्र विचार केला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. वर्कशॉपे कमी करणे किंवा खाजगी कंत्राटदारांकडे चालवायला देणे यावर नंतर पुष्कळ वाद झडले. ते वाद कामगारांच्या हिताचे असतील, खर्चाचे असतील. त्या सगळ्यांत ब्रेकची नळी मात्र कोणाच्याच मागणीपत्रात दिसली नाही.

महाराष्ट्राला येथे एक विशेष संधी आहे. खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. पुण्यात मोटारवाहनांची चाचणी घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था आहे. अहिल्यानगरला संरक्षण संशोधन संघटनेची, लष्करी वाहनांवर काम करणारी ‘व्हीआरडीई’ प्रयोगशाळा आणि तिची चाचणी-धाव आहे. ही तिन्ही ठिकाणे सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या टापूत येतात, आणि मध्ये घाटही आहेत. पंधरा वर्षांवरचे दहा ट्रक घ्यावेत. पाच जसे आहेत तसे ठेवावेत, पाचांचे ब्रेक वर सांगितल्याप्रमाणे सुधारावेत, आणि पूर्ण भारासह एक पावसाळा सह्याद्रीत व एक हिवाळा लडाखमध्ये चालवावेत. ड्रमचे तापमान, थांबण्याचे अंतर, नळ्यांची स्थिती सर्व नोंदवावी. यासाठी परदेशी सल्लागाराची गरज नाही आणि जागतिक निविदेचीही नाही.

एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सेनेतून निवृत्त झालेली वाहने लिलावात नागरिकांच्या हाती येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्र असते. सेनेच्या मालकीतून बाहेर पडल्यावर मात्र त्यांना इतर वाहनांप्रमाणेच नोंदणी करावी लागते. कायदा चोख आहे. प्रत्यक्षात खाणीत, वीटभट्टीवर किंवा जंगलातल्या लाकूडवाहतुकीत वापरायचा ट्रक आर.टी.ओ.च्या दारापर्यंत जातोच असे नाही. खाजगी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक कोण पाहतो? जवानाच्या वाट्याचा धोका तेथे मजुराच्या वाट्याला येतो. लिलावाच्या कागदांसोबत ब्रेकच्या स्थितीचा तपासणी-दाखला जोडणे, किंवा ज्यांचे ब्रेक सुधारण्यापलीकडे गेले आहेत त्या गाड्या अखंड न विकता तोडूनच विकणे, हा उपाय विक्रेत्या खात्याच्या अधिकारातला आहे.

उरला प्रश्न माहितीचा. संसदेचे प्रत्येक अधिवेशन शेकडो प्रश्नांनी भरलेले असते आणि महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांपैकी एकाने संरक्षण मंत्र्यांना एवढेच विचारावे: पंधरा वर्षांवरचे किती ट्रक आज माणसे वाहून नेण्यासाठी वापरले जातात, त्यांतील किती ट्रकांच्या ब्रेकच्या नळ्या गेल्या पाच वर्षांत बदलल्या, आणि गेल्या दहा वर्षांतील वाहन-अपघातांपैकी किती अपघातांत चौकशीअंती यांत्रिक बिघाड आढळला. या उत्तरात शत्रूच्या उपयोगाचे एक अक्षरही असणार नाही. झेमाच्या वळणावर ज्यांचा मुलगा गेला, त्या सोळा घरांना मात्र ते वाचावेसे वाटेल.